साठाव्या पेशंटचे फोन

३ फेब्रुवारी, सोमवार

दादाने संमतीपत्रावर सही केली. मी खोलीत नव्हतो, मुद्दाम. नातेवाईक कर्मचारी असेल तर त्याने सहीच्या वेळी हजर राहू नये, हा नियम मीच घातलेला आहे. पॅसेजमध्ये थांबलो. दार उघडं होतं, पण मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

दादाच्या मोठ्या आतड्यात गाठ आहे. ती कापून दोन्ही टोकं जोडायची. हाताने टाके घालून, किंवा आमच्या सरांच्या नव्या पद्धतीने, स्टेपलर वापरून. कोणाला कोणती ते कॉम्प्युटर ठरवतो. अभ्यास तीन वर्षांचा, पेशंट साठ. दादा साठावा, शेवटचा. नव्या पद्धतीत आजवर एकोणतीस जण झाले आणि एकाचाही जोड गळलेला नाही. शून्य.

जोड गळणं म्हणजे आतड्यातली घाण पोटात उतरणं. वेळेत कळलं तर माणूस वाचतो. ते वेळेत कळावं म्हणून माझी नोकरी आहे. पेशंट घरी गेला की रोज अकराला फोन करायचा, ठरलेले दहा प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारायचे, एक जरी उत्तर धोक्याचं आलं तर सर्जनला कळवायचं.

या शून्याचा माझ्या मनावर काही परिणाम होतो का, हे आज स्वतःला नीट विचारून पाहिलं. होत नाही.

ठराव: दादाच्या बाबतीत पूर्ण तटस्थ राहायचं. रोजनिशीत फक्त घडलेलं लिहायचं, मत लिहायचं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

ऑपरेशन झालं. अडीच तास. नवी पद्धतच आली. सर बाहेर येऊन म्हणाले, जोड अगदी पुस्तकात छापावा असा. वहिनीने त्यांना हात जोडले.

दादाच्या मनावर दडपण नको म्हणून काल त्याला आवर्जून सांगितलं होतं, की आमचं शून्य तुझ्यावर अवलंबून आहे असं अजिबात समजू नकोस. त्याने विचारलं, कसलं शून्य? मग अर्धा तास समजावलं. कॉन्फरन्स, पेपर, सरांची बढती, माझी कायम होणारी नोकरी. सगळं ऐकून तो म्हणाला, म्हणजे मी शेवटचा स्टॉप, प्रोफेसर. दादा शाळेची बस चालवतो. मला प्रोफेसर म्हणतो. मी नाही, हे त्याला माहीत आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

रिसर्च सिस्टर म्हणाली, तुमच्या दादांचे फोन मी करते, घरच्या माणसाने करू नयेत. तत्त्वतः बरोबर आहे. पण ती प्रश्न नीट विचारत नाही. फॉर्मवर आहे, आपल्याला पोटात वेदना आहेत का? ही विचारते, काय काका, आज आवाज का असा येतोय? हा प्रश्न फॉर्मवर नाही. मागे एकदा एका पेशंटला तिने नुसत्या आवाजावरून परत बोलावलं होतं. जोड शाबूत निघाला. एक बेड वाया.

रात्रभर विचार केला. पक्षपात टाळायचा तर फोन मीच केले पाहिजेत, या निष्कर्षावर आलो.

९ फेब्रुवारी, रविवार

चौथा दिवस. दादा घरी. चालत आला. त्यांची खोली आणि आमची खोली यांच्यामध्ये फक्त बाथरूम आहे, त्यामुळे लक्ष ठेवणं सोपं. मात्र घरी पाहिलेलं फॉर्मवर येता कामा नये. बाकीच्या एकोणसाठ जणांच्या घरी मी राहत नव्हतो.

ठराव: घरी भाऊ. ऑफिसात समन्वयक. सरमिसळ नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार. पाचवा दिवस

अकराला पहिला फोन. आपल्याला गेल्या चोवीस तासांत ताप आला का, असं विचारलं. दादा म्हणाला, आपल्याला? गाढवा, सकाळी माझ्या अंगावरची चादर ओढून बघून गेलास ना? मी प्रश्न पुन्हा वाचला. तो म्हणाला, नाही आला साहेब. पोट साफ झालं का? पहिल्या गिअरमध्ये आहे. मी म्हणालो, हो किंवा नाही सांगावं. म्हणाला, हो लिही.

शेवटी विचारतो, पास ना? त्याला म्हणालो की असं विचारायचं नसतं.

संध्याकाळी जेवण अर्धं टाकलं. वहिनी म्हणाली, दुपारीही टाकलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार. सहावा दिवस

फोन: दहाही उत्तरं नॉर्मल.

संध्याकाळी घरी आलो तर दादा भिंतीकडे तोंड करून पडलेला. वहिनी म्हणाली, भाऊजी, अंग गरम लागतंय. थर्मामीटर लावला. शंभर पॉइंट आठ. आमची मर्यादा शंभर पॉइंट चार. त्याच्या वर गेला तर पेशंटला लगेच बोलवायचं, दिवस असो की रात्र.

एकदम निष्कर्ष काढणं बरं नव्हे. आधी साधन तपासावं. तोच थर्मामीटर स्वतःला लावला. नव्व्याण्णव. मला काहीही झालेलं नाही, म्हणजे माझा ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार असला पाहिजे. थर्मामीटर पॉइंट सहाने जास्त दाखवतो. दादाचा खरा ताप शंभर पॉइंट दोन. मर्यादेत.

बायकोला हिशेब दाखवला. तिने कागदाकडे पाहिलंही नाही. म्हणाली, सरांना फोन लाव. मी म्हणालो, बाकीच्या एकोणसाठ जणांकडे सरांचा घरचा नंबर नव्हता, दादाला वेगळी वागणूक देणं म्हणजे अभ्यासाशी बेइमानी. ती म्हणाली, तुझ्या त्या एकोणसाठ जणांपैकी एकाने तरी तुला कॉलेजच्या पहिल्या दिवशी बसमधून सोडलं होतं का?

मुद्दा भावनिक आहे. पण तिची काळजी समजू शकतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार. सातवा दिवस

बायकोने हट्ट धरला म्हणून अर्धा दिवस रजा. सकाळपासून दादाला उचक्या. थांबतच नाहीत. म्हणाला, शाळेतली पोरं आठवण काढतायत, नवा ड्रायव्हर ब्रेक जोरात मारत असणार. हसताना पोट धरलं. उचकीबद्दल फॉर्मवर प्रश्न नाही. पुढच्या अभ्यासात घालायला हवा. नोंद करून ठेवली.

अकरा वाजले. रजेवर असलो तरी फोन चुकवायचा नाही, तीन वर्षांत एकही चुकलेला नाही. स्वयंपाकघरात फॉर्म घेऊन बसलो, दार लावलं, फोन केला. त्याचा मोबाइल पलीकडच्या खोलीत वाजलेला ऐकू आला.

आपल्याला पोटात वेदना आहेत का? भिंतीतून कण्हणं आलं. फोनवर आलं नाही. त्याने माइकवर बोट ठेवलं असावं. मग फोनवर आवाज आला, बरं आहे. मी प्रश्न दुसऱ्यांदा वाचला. तो म्हणाला, लिही ना रे, बरं आहे.

फॉर्मवर स्पष्ट लिहिलेलं आहे: पेशंटने फोनवर दिलेलं उत्तर. लिहिलं.

खूप विचार करून लिहिलं, हे इथे नमूद करतो. पाच मिनिटं पेन हातात धरून बसलो होतो.

नंतर त्याच्या खोलीत गेलो, भाऊ म्हणून. विचारलं, खरंच बरं आहे? म्हणाला, तू आत्ता कोण म्हणून विचारतोयस? मी म्हणालो, भाऊ म्हणून. तो म्हणाला, मग बस जरा इथे. बसलो. त्याने माझा हात धरला. घामाने ओला होता. नाडी मोजावीशी वाटली, पण मग ती मोजणी कुठे लिहायची हा प्रश्न होता.

ठराव: उद्या अकराच्या फोनवर एका जरी प्रश्नाला त्याचा आवाज अडखळला तर थेट सरांना कळवायचं. कोणाचीही भीडभाड नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. आठवा दिवस

पहाटे पावणेसहाला वहिनीने दार बडवलं. दादाचे पाय थंड, ओठ निळे, मला ओळखून म्हणाला, आज फोन नको.

ॲम्ब्युलन्स. सिस्टरने स्ट्रेचरवर त्याच्याकडे दोन सेकंद पाहिलं आणि धावत सुटली. नाडी एकशे चाळीस. पोट लाकडासारखं. पुन्हा ऑपरेशन. जोड एका बाजूने सुटलेला, पोटभर घाण. नव्या पद्धतीचा जोड सोडवला, आतड्याचं टोक बाहेर काढून पिशवी लावली.

सरांनी विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, कालपर्यंत फोनवर सगळं नॉर्मल. सर म्हणाले, मी फोनचं नाही विचारलं. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

सिस्टर म्हणाली, मला का नाही करू दिलात फोन? आवाज ऐकला असता मी त्यांचा. तिच्या पद्धतीत शास्त्रीय आधार नाही, हे म्हणायची ती वेळ नव्हती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आयसीयू. तोंडात नळी. गुंतागुंतीच्या आमच्या श्रेणींत ही चौथी. पहिली म्हणजे किरकोळ, तिसरी पुन्हा ऑपरेशन, चौथी हे. पाचवीच्या पुढे श्रेणी नाही.

दादाला दुपारी थोडी जाग होती. वहिनीने पॅड आणि पेन दिलं. त्याने मला खूण केली. अक्षर वेडंवाकडं, पण वाचता आलं: शून्य गेलं का?

मी म्हणालो, नाही रे, तसंच आहे.

त्याने डोळे मिटले. या खोटेपणाबद्दल मला अपराधी वाटत नाही. बाकीच्याचा विचार वेळ मिळाल्यावर करायचा आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मूत्रपिंडं बंद. मशीन लावलं. वहिनी बाकावर बसून असते. आज म्हणाली, भाऊजी, तुम्ही आहात म्हणून मला धीर आहे, नाहीतर कोणाला विचारणार होते मी? डॉक्टर बोलतात ते मी तिला सोपं करून सांगतो. हे मला चांगलं जमतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दादा गेला. सकाळी सव्वादहाला.

अकरा वाजता मोबाइलचा गजर झाला. बंद करायचा राहिला होता.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसात रुजू. साठ नंबरची फाइल पूर्ण करायची आहे. श्रेणी पाच लिहिली. पुढचा रकाना: लक्षणे प्रथम कधी दिसली?

फॉर्मप्रमाणे: १३ फेब्रुवारी. या वहीप्रमाणे: १० फेब्रुवारी, अर्धं जेवण. ११ फेब्रुवारी, ताप. तीन दिवस. थर्मामीटर काल मेडिकलमधल्या नव्या थर्मामीटरशी ताडून पाहिला. दोन्ही सारखे दाखवतात. त्या दिवशी नव्व्याण्णव मला खरोखरच होता. सर्दी येत होती.

रकाना रिकामा ठेवला. मृत्यूची चौकशी करणारी समिती बसणार आहे, तिथे तोंडाने सांगायचं ठरवलं. कागदावर लिहिण्यापेक्षा तोंडाने सांगणं जास्त प्रामाणिक.

ठराव: वही सोबत न्यायची. ११ आणि १२ तारखेचं पान वाचून दाखवायचं. नोकरी गेली तर गेली.

६ मार्च, गुरुवार

बायकोसमोर सराव केला. भिंतीतून आलेलं कण्हणं, इथपर्यंत आलो आणि तिने हात वर करून थांबवलं. म्हणाली, मला नको सांगूस, त्यांना सांग. मग म्हणाली, आणि वहिनींना.

बरोबर आहे. आधी समिती, मग वहिनी. क्रम महत्त्वाचा.

७ मार्च, शुक्रवार. तिसावा दिवस

समिती. तीन जण, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. अध्यक्षीण बाईंनी फाइल चाळली. विचारलं, सगळे फोन वेळेवर झाले? मी हो म्हणालो. प्रश्न ठरलेल्या शब्दांत? हो. उत्तरं पेशंटने दिली तशीच नोंदवली? हो. तिन्ही उत्तरं खरी होती.

लक्षणांच्या तारखेचा रकाना रिकामा दिसतोय, म्हणाल्या. मी बॅगेच्या चेनला हात घातला. दुसरे डॉक्टर म्हणाले, घरचाच माणूस आहे, आपण समजून घेऊ, फोनच्या नोंदीवरून तेरा तारीख दिसते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी स्वतःच्या हाताने तेरा लिहिलं.

मग विचारलं, आणखी काही सांगायचंय? मी म्हणालो, नाही.

बाई म्हणाल्या, इतके नीट भरलेले फॉर्म मी क्वचित पाहिलेत. एकूण अकरा मिनिटं.

घरी वहिनी वाट पाहत होती. ताट वाढलेलं होतं. म्हणाली, काय विचारलं त्यांनी? मी म्हणालो, कोणाची चूक होती का, ते. ती म्हणाली, मग? मी म्हणालो, कोणाची नाही निघाली.

तिने पाण्याचा तांब्या ताटाशी ठेवला. मग म्हणाली, तुमच्यावर काही आलं नाही ना भाऊजी? मला तीच काळजी होती. ह्यांनी शेवटी शेवटी पॅडवर लिहून बजावलं होतं मला, काही झालं तरी त्याला बोल लागू द्यायचा नाही म्हणून.

मी म्हणालो, नाही, काही आलं नाही.

जेवलो. दोनदा वाढून घेतलं.