पासंग

बफेलो,
मंगळवार, ४ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताई,

आमच्या भाचीबाईंच्या, कॅमिलच्या, बास्केटबॉल सामन्यांची कात्रणं मिळाली. आईनं पाठवलेला पिकानच्या दाण्यांच्या वड्यांचा डबाही मिळाला, पण तो मी संघातल्या पोरांसमोर उघडला. एवढा मूर्खपणा मी आयुष्यात केला नसेल. माझ्या वाट्याला तीन आल्या. आईचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं, पायऱ्या चढताना चर्चमधली गाणी म्हणू नकोस, दम एकाच कामाला पुरतो.

इथे गुडघाभर बर्फ पडलंय. तू तिकडे बेसेमरमध्ये शाळेची बस चालवतेस आणि स्वतःला मोठी ड्रायव्हर समजतेस. इथे एक दिवस चालवून दाखव, मग मानतो.

फोन सोडून हे लिहायचं काय खूळ, असं तुला वाटेल. फोनवर नुसता माझा श्वास ऐकून तू ओळखतेस की मी जेवलोय की नाही. पत्रात तेवढी पंचाईत नाही.

तर बातमी अशी. परवा, गुरुवारी दुपारी तीन वाजता, अदलाबदलीची मुदत संपते. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत कुठलाच संघ कुठल्याच खेळाडूला दुसरीकडे धाडू शकत नाही. तोवर आमच्याकडे सगळे फोन पालथे ठेवून जेवतायत. वाजला तरी धडकी, नाही वाजला तरी धडकी.

आणि या खेपेला माझं नाव आहे.

मागे एकदा तू भांडली होतीस ना, की चांगला खेळतोस तर तुला घालवतील कशाला? अगं, खेळाचा संबंधच नाही. प्रत्येक संघाच्या एकूण पगारांना लीगनं मर्यादा घातलेली आहे. आमचा संघ ती कधीच ओलांडून बसलाय. अशा संघाला बाहेरून बडा खेळाडू आणायचा, तर जवळपास तेवढ्याच पगाराचे आपले खेळाडू समोरच्याला द्यावे लागतात. सॅन डिएगोचा एक बडा खेळाडू आमच्या मालकांच्या मनात भरलाय. त्याच्या बदल्यात आमचा व्हर्जिल टॉलिव्हर द्यायचं ठरतंय. पण एकट्या व्हर्जिलनं पारडं खाली जात नाही. थोडं कमी पडतं. ते थोडं म्हणजे मी.

रूफसमामाच्या मासळीच्या दुकानातला तराजू आठवतो? त्याची पारडी कधी सारखी राहायचीच नाहीत, म्हणून मामानं एका बाजूला लोखंडी नट बांधून ठेवला होता. गिऱ्हाईक मासे बघायचं, मामा काटा बघायचा, त्या नटाकडे कुणी बघायचं नाही. ताई, मी तो नट आहे. पासंगाचा माणूस.

आणि हे मी माझ्या हातानं केलंय. दोन वर्षांपूर्वी कराराच्या वेळी माझा एजंट झेलनिक म्हणाला होता, "डेल, जरा कमीवर सही कर. अगदी थोडा पगार असलेला कुणाच्या कामाचा नसतो, म्हणून जागेवर राहतो. फार मोठा असलेला कुणाला झेपत नाही, म्हणून तोही राहतो. मधला माणूस मात्र फिरत राहतो." मला वाटलं, हा टकल्या उगाच घाबरवतोय. मी हट्टानं मधला आकडा घेतला. म्हटलं, आता तीन वर्षं कुणी हलवत नाही. शहाणपणा नडला, दुसरं काय.

व्हर्जिल मात्र भलताच खूश आहे. तुला तो माहीत आहे, मागल्या नाताळात आईच्या मक्याच्या पावाचे सात तुकडे एकट्यानं खाल्ले तो. त्याच्या दोन्ही मुली आईपाशी सॅन डिएगोत असतात, त्याला त्या फक्त उन्हाळ्यात भेटतात. काल कपडे बदलायच्या खोलीत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चल रे सुट्या पैशा! आपण दोघं मिळून एक बंदी नोट होतो की नाही बघू."

मी हसलो. पण मला जायचं नाही, ताई. ऊन सोसत नाही असं समज.

जागा बदलली की नवे डॉक्टर आडवं पाडून सगळं तपासतात. पाठ, गुडघे, सगळं. त्यात पास झालं तरच सौदा पक्का. एक जण नापास झाला की सगळ्यांचाच सौदा मोडू शकतो.

माझे गुडघे झकास आहेत. आता सरावाला जातो.

बुधवार, सकाळ

कालचं पत्र टाकलं नाही, त्यालाच जोडून लिहितोय.

काल सरावात मी तीनदा वाकून बूट बांधले. बूट सुटलेले नव्हते.

बघ, एक वाक्य लिहिलं आणि हात थांबला. ताई, मी घाबरलोय. साधं सरळ लिहितो, नाहीतर आणखी चार पानं बर्फाचंच वर्णन करत बसेन. मी इतका घाबरलोय की झेलनिकनं "अजून काही नाही" म्हटलं की देवाचे आभार मानतो. हा सौदा फिसकटावा म्हणून मी प्रार्थना करतोय. व्हर्जिलच्या पोरींना बाप मिळू नये म्हणून प्रार्थना! आईनं असा मुलगा वाढवला नव्हता.

अल्विनचा विषय आपल्यात कुणी काढत नाही. आज मी काढतो. तो सतरा वर्षांचा होता, मी दहाचा, तू शाळा संपवलेली. त्याच्या शाळेच्या सामन्याला बाकांवर मी तुझ्या शेजारी बसलो होतो. आपला भाऊ चेंडू घेऊन वळला, थांबला, काहीतरी आठवल्यासारखा उभा राहिला आणि पडला. लोक म्हणाले, घसरला. तू मात्र तेव्हाच उठून पळत सुटली होतीस. लाकडी फरशीवरचा तुझ्या बुटांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

त्याच महिन्यात आईनं आपल्या दोघांना बायबलवर हात ठेवायला लावला. छातीत धडधडलं, भोवळ आली, तर त्याच दिवशी सांगायचं. लपवायचं नाही. मी म्हटलं होतं, "हो आई." तू म्हणालीस, "मी याच्यावर लक्ष ठेवीन." ठेवलंस. दर वर्षी विचारतेस, तपासणी झाली का. ऑक्टोबरातही विचारलंस आणि मी खरंच सांगितलं होतं की साफ निघाली. तेव्हा निघाली होती.

त्यानंतर सुरू झालं. जोरात धावून थांबलो की छातीत कोंबडी फडफडल्यासारखं होतं. थोडा वेळच. खाली वाकलं की कमी होतं, म्हणून ते बूट. एकदा अंघोळ करताना पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा अंगावर पाणी गार पडत होतं. किती वेळ गेला, ठाऊक नाही. संघाच्या डॉक्टरला सांगितलं, दारावर डोकं आपटलं. साडेसहा फुटांचा माणूस, बिचाऱ्याला लगेच पटलं.

का लपवलं? सांगितलं असतं तर त्याच दिवशी खेळ बंद. मी एकोणतीसचा आहे, चेंडूशिवाय मला काय येतं? तुला निदान बस चालवता येते. आणि खरं कारण त्याहून वाईट आहे. सांगेपर्यंत ते नसतं. डॉक्टरनं तोंडानं नाव घेतलं की मग ते असतं. अल्विनला जे होतं ते मला आहे, हे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकायची मला हिंमत नाही.

शेवटी माझा जीव आहे, माझा प्रश्न आहे, असं मी रोज आरशाला सांगतो.

आज संध्याकाळी सामना आहे. आईला यातलं काही वाचून दाखवू नकोस.

गुरुवार, दुपारचे साडेचार

झालं. अडीचला झेलनिकचा फोन आला. "अभिनंदन डेल, सॅन डिएगो! आकडा काय चपखल बसलाय म्हणून सांगू, दोन्हीकडचे हिशेबनीस खूश." मी विचारलं, माझ्या खेळाबद्दल काही बोलले का? तो म्हणाला, "कशाला बोलतील?" शनिवारी सकाळी तपासणी.

मी सामान भरायला कपडे बदलायच्या खोलीत गेलो. व्हर्जिल बाकावर बसून मुलींशी फोनवर बोलत होता. पलीकडून दोघी इतक्या किंचाळत होत्या की त्यानं फोन कानापासून हातभर लांब धरला होता. "हो गं, शाळेतून मी आणणार. रोज. हो, लग्न होईपर्यंत आणतो." फोन ठेवून त्यानं माझ्याकडे पाहिलं. हसला आणि मग हसायचा थांबला.

"काय रे, तोंड का असं पिठासारखं?"

मी सगळं सांगितलं. ताई, तुला सांगितलं नाही ते त्याला सांगितलं. काल मी तुला अर्धंच लिहिलं होतं. त्याला पुरतं सांगितलं.

वाटलं होतं, शिव्या देईल. माझ्यामुळे शनिवारी त्याचाही सौदा मोडणार. त्यानं माझं मनगट धरून बोटांनी नाडी चाचपली, जसं काही याला त्यातलं कळतंच. म्हणाला, "गाढवा, बस खाली आधी." मग म्हणाला, "मुली काय, जूनमध्ये भेटतातच." डोळे मात्र भरले होते त्याचे. आणि मग त्यानंच विचारलं, "तुझी ती भाची खेळते ना? पानभर कात्रणं दाखवत फिरतोस ती?"

मी मान हलवली.

"तिला कोणी सांगितलंय का?"

ताई, हेच ते अर्धं. अल्विन गेल्यावर डॉक्टरांनी आईला काय सांगितलं होतं ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. हे रक्तातनं येतं. घरात एकाला दिसलं की बाकी सगळ्यांना त्याच दिवशी दाखवायचं, आणि तोवर पळायचं नाही. कॅमिलची तपासणी दोन वर्षांपूर्वी साफ निघाली म्हणून तू निर्धास्त आहेस. माझीही साफच निघाली होती. माझा जीव, माझा प्रश्न! ज्या दिवशी मी अंघोळीच्या फरशीवर डोळे उघडले, त्या दिवसापासून तो तुझ्या पोरीचाही प्रश्न होता. आणि मी पोटच्या पोरीसारख्या भाचीला पळू दिलं, कारण मला खेळायचं होतं.

उद्या तिचा सामना आहे. मुलींना तूच बसमधून नेणार आहेस.

व्हर्जिलनं माझा फोन घेतला, तुझा नंबर लावला आणि माझ्या कानाला धरला. बाकीचं तुला माहीत आहे. मी म्हटलं, "उद्या कॅमिलला खेळू देऊ नकोस. आजपासून पळूही देऊ नकोस. डॉक्टरकडे ने." तू ओरडली नाहीस, का म्हणून विचारलं नाहीस. बसचं इंजिन बंद केल्याचं ऐकू आलं. मग तू एवढंच विचारलंस, "कधीपासून?"

आणि मी फोन ठेवला.

माझ्यानं ते तोंडानं बोलवेना. म्हणून इथे लिहितो. हे पत्र मी टपालात टाकत नाहीये. इथल्या डॉक्टरला आत्ता सगळं सांगून आलो. पायऱ्याही चढायच्या नाहीत अशी तंबी मिळाली आहे, आणि छातीवर वायरींचं एक यंत्र चिकटवलंय. झेलनिक फोनवर अक्षरशः रडला, कोणासाठी ते मी विचारलं नाही. इथले डॉक्टर उद्या सकाळी पुन्हा तपासणार आहेत. सोडलं तर मी तुझ्याकडे येतो. व्हर्जिल सोबत येतोय, मला एकट्याला सोडायला तयार नाही. दारात मला काही विचारू नकोस. पत्र हातात देईन, ते वाच, आणि मग मारायचं तर मार.

ताई, एकोणीस नोव्हेंबरपासून.

त्या दिवसापासून काल रात्रीपर्यंत कॅमिल एकवीस सामने खेळली. तू दर आठवड्याला कात्रणं पाठवलीस आणि मी प्रत्येक कात्रणावर तारीख घालून ठेवली. कौतुकानं नाही. पाकीट उघडलं, पोरीचं नाव छापलेलं दिसलं, गुण दिसले, की म्हणायचो, चला, याही वेळी उठून घरी गेली.

एकवीस वेळा तुझ्या लेकीला पारड्यात टाकणारा, आणि तरीही तुझ्या दारात येणारा,

तुझा भाऊ
डेलरॉय