बटणातली अक्षता

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
आजपासून आयुष्याला दिशा. सुनीतीताईंनी मंडळाचं जीपीएस माझ्या हातात दिलं. पिवळं, मुठीत मावणारं, पाण्यात पडलं तरी चालतं म्हणे. (पाडून बघणार नाही. निदान या आठवड्यात नाही.)

ताई कर्जतच्या. भूगोल शिकवून रिटायर झाल्या, आता डोंगरभ्रमण मंडळ चालवतात. ठाकुरवाडीच्या वर वाघजाईची खिंड आहे, तिथवरची वाट कुठल्याच नकाशात नाही. यंत्रात वाडीच्या वर नुसतं पांढरं दिसतं. मी यंत्र घेऊन चालायचं, ते माझ्या मागे रेघ ओढतं. मग कॉम्प्युटरवर त्या रेघेचा नकाशा करायचा आणि मंडळाच्या सगळ्या यंत्रांत टाकायचा. बारा तारखेला चाचणी. मंडळाची माणसं नुसता नकाशा बघून खिंडीत पोचली, तर मी नकाशाप्रमुख. पगारी!

नाही पोचली, तर तेरा तारखेपासून चौक गावात दादाच्या गॅरेजात पंक्चर काढायची. हे मनोजदादाने ठरवलंय. पंक्चर काढण्यात वाईट काही नाही, पण त्यात माणूस एका जागी बसतो. माझा पिंड तो नाही.

गॅरेजात पूजा होती. पाने, जॅक, हवेचा पंप ओळीने मांडलेले. मीही यंत्र चालू करून त्यांच्यात ठेवलं. माझं शस्त्र तेच. वहिनीने सगळ्यांना गंध, कुंकू, अक्षता, झेंडू वाहिला. यंत्रावर जरा सढळ हाताने, नवीन म्हणून.

संध्याकाळी: रेकॉर्ड बंद करायचं बटण दबत नाही. गंध सुकलं असणार. बिघडलं काही नाही. उलट काही सुटायचा प्रश्नच मिटला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.
पहाटे निघायचा निश्चय होता. ऊन चांगलं वर आल्यावर निघालो, कारण पहाटे दव असतं आणि दवात रेघ नीट उमटत नसावी.

वाडीच्या वर वाटेतच सीताफळाचं झाड. डोळे उघडलेली फळं. झाडाला चहूबाजूंनी फिरून पाहणी केली. नंतर ओढ्याकडे उतरून हात धुतले. त्यानंतर एकदा घाईने घाणेरीच्या झुडपामागे जावं लागलं (सीताफळं). तेवढ्यात वाट चुकली ती थेट पारूमावशीच्या अंगणात. मावशी म्हणाली, आरं पोरा, तुजं काय हरावलंय का रं? आता हिला उपग्रह कुठून समजावू? म्हटलं, कोंबडी. मावशी लगेच कंबर खोचून कोंबडी शोधायला लागली. मग मलाही तिच्यामागे घराभोवती फिरावं लागलं. माणुसकी म्हणून.

खिंड राहिली. उद्या नक्की.

घरी रेघ बघितली. जरा वाकडीतिकडी आहे. साफ करता येते असं ताई म्हणाल्या होत्या: नको ते फाटे निवडायचे, डिलीट करायचे. रविवारी करतो.

४ ऑक्टोबर, शनिवार.
आज सरळ वर. पण वाडीत अंगणवाडीजवळ सिग्नल फार चांगला मिळतो हे लक्षात आलं. म्हणून अंगणवाडीला तीन फेऱ्या मारल्या. शास्त्रीय कारणासाठी. तेजश्री तिथे मुलांना गाणी शिकवते, तिचं घरही शेजारीच, हा योगायोग. तिने खिडकीतून विचारलं की पाण्याची टाकी बघायला पंचायतीने पाठवलंय का. मी म्हटलं, मॅपिंग. ती म्हणाली, बरं. 'बरं' म्हणताना किंचित हसली. पोरंही हसली, पण ती लहान आहेत.

नंतर मोठ्या खडकापर्यंत चढलो. तिथून खिंड स्पष्ट दिसते. दिसली म्हणजे गेल्यासारखंच आहे. वरचा तुकडा कॉम्प्युटरवर हाताने काढीन. तिथे फाटे फुटायला जागाच नाही.

५ ऑक्टोबर, रविवार.
रेघ साफ केली नाही. रविवार.

६ ऑक्टोबर, सोमवार.
दादाने कुठे तरी शब्द टाकून खालापूरजवळच्या एका गोदामात माझी मुलाखत लावली होती. म्हणाला, हे जमलं तर पंक्चर पन नको आन डोंगर पन नको, दोन्ही सुटंल. दादाचं मन मोडवत नाही. स्कूटर घेऊन निघालो. यंत्र खिशात.

गोदामाचं गेट दिसेपर्यंत गेलो, हे नोंदवून ठेवतो. पण गेटच्या अलीकडे नदीकाठी मोठं चिंचेचं झाड. मुलाखतीआधी मन शांत हवं, म्हणून टेकलो. जाग आली तेव्हा गेट बंद होत होतं.

घरी दादाने विचारलं, कसं झालं रं? म्हटलं, छान. कळवतो म्हणाले. वहिनीने शिरा केला. दोनदा घेतला, नाही तर तिला संशय आला असता.

८ ऑक्टोबर, बुधवार.
खालापुरात दत्ताच्या झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटर आहे. रेघ उतरवून घेतली. दत्ता बघून म्हणाला, विक्या, हा नकाशा हाय का भिंतीवरची वाळवी? साफ कर की. मी त्याला समजावलं की हल्ली ओरिजिनलला किंमत आहे. शिवाय कुठला फाटा नको तो, हे ठरवायचं कोणी? एकेक करून निवडायला लागलो. सीताफळ ठेवावंसं वाटलं (लोकांच्या सोयीचं आहे). ओढा ठेवावासा वाटला (पाणी). अंगणवाडी तर ठेवायलाच हवी. मग लाइट गेली.

९ ऑक्टोबर, गुरुवार.
नकाशा तयार! रेघ कसली आहे ते सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. पाऊलवाट निवडली तर बारीक तुटक रेघ येते, अगदी गरीब दिसते. 'राज्य महामार्ग' निवडलं. जाड, लाल, झकास. गॅरेजपासून सगळीच एका झटक्यात लाल झाली. खडकापासून खिंडीपर्यंत माउसने सरळ रेघ ओढली. नकाशातला सर्वांत देखणा तुकडा तोच.

सोमवारची खालापूरची रेघ काढायची राहिली. पण डोंगरावर जाणारा माणूस खालापूरकडे बघेल कशाला?

११ ऑक्टोबर, शनिवार.
मंडळाच्या सगळ्या यंत्रांत नकाशा टाकला. कार्ड काढायचं, फाइल टाकायची, कार्ड घालायचं. हात असा बसला की ताई बघतच राहिल्या. त्यांनी विचारलं, विकास, एकदा स्वतः यावर चालून पाहिलंस ना? म्हटलं, ताई, मी चाललो म्हणूनच तर नकाशा आहे.

उद्या मी वर थांबणार. माणसं जोडीजोडीने येतील. पुण्याचं एक जोडपं उशिरा पोचणार, त्यांचं यंत्र गॅरेजात दादाकडे ठेवलंय. मोठा खडक हीच खिंड म्हणून चालेल का, हे ताईंना विचारायचं राहिलं.

१२ ऑक्टोबर, रविवार. चाचणी.
सकाळ. खडकावर. हार आणलाय, पहिल्या जोडीला घालायला. फोनला रेंज नाही. वातावरण भारलेलं.

थोड्या वेळाने: कोणी नाही. खालून वाडीतल्या पोरांचा आरडाओरडा ऐकू येतो. उत्साह असणार.

दुपार: कोणी नाही. लोक हल्ली हळू चालतात. झेंडू कोमेजला.

ऊन कलल्यावर: एक शेळी.

संध्याकाळी, घरी.
थोडक्यात लिहितो. नकाशा चालला. जरा जास्तच चालला.

सगळ्या जोड्या रेघ एक इंच न सोडता चालल्या. सीताफळाला फेरी. ओढ्यावर उतरून वर. घाणेरीच्या झुडपामागे एकेक जोडी गेली, बघून लगेच परत आली. मग पारूमावशीचं अंगण. मावशी प्रत्येकाला विचारत होती, तुमची पन कोंबडीच हरावली का? घराभोवती फिरून दमले म्हणून तिने सगळ्यांना काकड्या कापून दिल्या. मग अंगणवाडीला तीन फेऱ्या. पोरांना वाटलं खेळ आहे, तीही मागे लागली. नंतर फेऱ्या कोणालाच थांबवेनात, म्हणून वर खडकापर्यंत कोणी आलंच नाही. तेजश्रीने ताईंना विचारलं की हा रस्ता कोणी आखला. नाव ऐकल्यावर म्हणाली, तीनच फेऱ्या दाखवल्यात? मी पाच मोजल्या होत्या.

(म्हणजे बघत होती!)

हे सगळं निभावलं असतं. पण पुण्याचं जोडपं. ते मोटरसायकलवर आले, गॅरेजातून यंत्र घेतलं, बघितलं तर जाड लाल महामार्ग. मग गाडीवरूनच निघाले, खालापूरकडची रेघ धरून. दुपारी त्यांचा दादाला फोन: आम्ही पोचलो, पण खिंड कुठाय? इथे एक चिंच आहे आणि समोर गोदामाचं गेट. दादा टेंपो घेऊन गेला, जाताना वाडीतून खाली उतरलेल्या ताईंना कर्जत फाट्यावर गाडीत घेतलं. स्क्रीनवर चिंचेखाली रेघेचं नुसतं जाळं झालं होतं, कोळ्याने विणल्यासारखं. त्यामुळेच त्यांना ते शिखर वाटलं. दादाने ताईंना विचारलं, हे जाळं कसलं? ताई खरं बोलतात, ही त्यांची जुनी सवय. म्हणाल्या, माणूस एका जागी बराच वेळ पडून राहिला की रेघ अशी गुंतते. वर तारीख आणि वेळही दाखवली.

दादा ओरडला नाही. घरी येऊन शांतपणे म्हणाला, म्हंजी मुलाखत झाडासंगं झाली व्हय रं? मग कळवतो कोन म्हनालं? चिंच?

वहिनीने रव्याचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. ते जास्त लागलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार. गॅरेज.
सकाळी टेंपोचं मागचं चाक काढलं. दादाने तीनदा बोल्ट परत लावायला लावले, कारण मधेच मी चहाला गेलो, तिथून पुलावर गेलो.

दुपारी ताई यंत्र न्यायला आल्या. म्हणाल्या, नकाशा चूक नाही विकास, तू जसा चाललास तसाच आहे. (हे कोणाकडून तरी ऐकायचं होतं.) नकाशाप्रमुखाचं काय, असं विचारणार होतो, पण त्या दादाला विचारत होत्या, याचं रेकॉर्ड बंद कसं करायचं हो?

दादाने यंत्र उलटसुलट केलं, ट्यूबच्या वॉल्व्हची पिन घेतली आणि बटणाच्या फटीत घातली. टुक्कन एक अक्षता बाहेर पडली. दसऱ्याची, अजून कुंकवाने लाल. बटण दाबलं. रेघ थांबली. वहिनीने अक्षता उचलून देवापुढे ठेवली.

ताईंनी स्क्रीन माझ्यापुढे धरला. सगळी रेघ दिसत होती: वाडी, खडक, चिंच, दत्ताचं दुकान. सुरुवातीचा ठिपका, आमचं गॅरेज. शेवटचा ठिपका, आमचं गॅरेज. एकावर एक, फरक दिसतच नव्हता.

मी म्हटलं, ताई, याला लूप ट्रेल म्हणतात ना? परदेशात फार मागणी असते.

ताई हसल्या. दादा म्हणाला, मागनी मागनं बघू. आदी ते चाक उचल.

चाक उचललं. जड असतं.