अधिकारक्षेत्राबाहेरची बाई

५ जानेवारी, सकाळी ९
समन्स आलं. अब्रुनुकसानीचा दावा, आणि तो माझ्यावर! बावीस वर्षं पेपर चालवतोय. दावा सरकारी दवाखान्यातल्या नर्सने लावलाय. मागच्या वर्षी तिने इंजेक्शन दिलेला पेशंट दगावला, तेव्हा मी मथळा दिला होता : 'नर्सने घेतला जीव?' पुढे चौकशीत ती निर्दोष ठरली. औषधच खराब होतं म्हणे. चौकशीचा निकाल आमच्या अंकानंतर लागला, हा माझा दोष? शिवाय प्रश्नचिन्ह होतं. प्रश्न विचारला म्हणून कोणी कोर्टात खेचतं का?

६ जानेवारी
अंक काढून पाहिला. प्रश्नचिन्ह नाही. छापखान्यातला मशीनमन म्हणतो, मथळा ओळीत बसेना म्हणून तुम्हीच ते काढायला लावलंत. हा माणूस हल्ली फार बोलतो.

९ जानेवारी
वकीलसाहेबांना भेटलो. बाई नोकरी सोडून भावाच्या गावी गेलीय, दावा तिथल्या कोर्टात. आपला पेपर इथे छापतो, इथेच खपतो. म्हणजे त्या कोर्टाला अधिकारक्षेत्रच नाही. पहिल्या तारखेलाच खटला उडणार. वकीलसाहेब म्हणाले, बघू. आनंद लपवत असावेत.
संकल्प : खटल्याचा विचार बंद. रोज फिरायला जाणे.

१६ जानेवारी
फिरायला गेलो. पेपर स्टॉलपाशी पांढऱ्या युनिफॉर्ममधली उंच, हाडकुळी बाई. माझ्याकडेच बघत होती. तीच. जवळ गेलो तर कोणी नाही. फिरणं तब्येतीला मानवत नाही. बंद.

२० जानेवारी, दुपारी ३
ऑफिसच्या काचेत तीच बाई. वळलो, तर मागे फाइलींचं कपाट.
बायकोला सांगितलं. तिने विचारलं, तुम्ही तिला कधी पाहिलंय का? नाही. मग बातमी लिहिताना बोलला असाल? तेही नाही. ती कपड्यांच्या घड्या करत राहिली. डेडलाइन म्हणजे काय हे घरच्यांना कळत नाही.

२ फेब्रुवारी
अधिकारक्षेत्राचा अर्ज फेटाळला! तिथल्या वाचनालयात आपला एक अंक पोस्टाने जातो. एकच! 'सप्रेम भेट' म्हणून मीच सुरू केला होता. न्यायाधीश म्हणाले, जिथे वाचला गेला तिथेही बदनामी झाली. माझं बोलणं पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. दुसरी बाजू न ऐकता निकाल! यावर खरमरीत अग्रलेख लिहिणार.
बाई आजारी म्हणून आली नाही, असं तिचा वकील म्हणाला. खोटं. मागच्या भिंतीला टेकून उभी होती. वकीलसाहेबांना दाखवली. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

११ फेब्रुवारी
अग्रलेख सुरू. 'दुसरी बाजू ऐकणे हा न्यायाचा पाया आहे.' पुढे सरकेना. ती टेबलापलीकडे उभी. बोलत नाही. मीही विचारत नाही. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

२६ फेब्रुवारी
नवा चष्मा. आता जास्त स्पष्ट दिसते.

९ मार्च
आज तिची साक्ष. कोर्टाबाहेरच्या बाकावर शेजारी एक बुटकी, पिकल्या केसांची बाई बसली होती. चेहऱ्यावरून साधी वाटली. किती दिवसांनी कोणीतरी शांतपणे ऐकून घेत होतं! मनातलं सगळं सांगितलं. मथळा कसा गाजला, जादा अंक कसे छापावे लागले. तिने विचारलं, "आणि त्या नर्सचं काय झालं?" मी म्हणालो, "गेली असेल कुठेतरी. तिला विचारत बसलो असतो तर अंक निघाला असता का?"
तेवढ्यात नर्सच्या नावाचा पुकारा झाला. ती उठली, पदर सारखा केला आणि साक्षीला आत गेली.
माझं बोलणं तिने शब्दन् शब्द सांगितलं. न्यायाधीशांनी मला विचारलं, हे खरं का. वकीलसाहेब खाली बघत होते. हो म्हणालो.

१५ मार्च
तडजोड. माफी पहिल्या पानावर छापायची. बाईंची अट एकच : त्या दिवशी वॉर्डात काय घडलं ते माफीखाली छापा, आणि तुम्ही स्वतः मला विचारून लिहा. सोपं आहे. पाच मिनिटांचं काम.

१८ मार्च, सकाळी ११
वही उघडली, पेन घेतलं, बाईंचा नंबर लावला.
"बोला," ती म्हणाली.
मी म्हणालो, राँग नंबर.