अनवाणी तीन किलोमीटर

३ डिसेंबर, सकाळी ६.५०
संकल्प : रोज तीन किलोमीटर, अनवाणी. थंडीत असं पळालं की रक्त सळसळतं, व्हिडिओत पाहिलं. आज चाळीस पावलं झाली. तळपाय बधिर. पहिल्याच दिवशी अतिरेक नको. बेकरीत भट्टीपाशी बसलो. दोन बन.
घरी बायकोने विचारलं, किती पळालास? तीन किलोमीटर, म्हणालो. तोंडातून निघून गेलं. मनाने तीन झालेच होते.

४ डिसेंबर
धुकं. घरातून अनवाणी निघायचं, जिन्याखाली लपवलेल्या चपला घालायच्या, थेट बेकरी. सिस्टीम बसली.

९ डिसेंबर
बायकोने अख्ख्या बिल्डिंगला सांगितलंय. मी कामाला असतो त्या चष्म्याच्या दुकानात मालकांनी गिऱ्हाइकासमोर माझं कौतुक केलं. मीही दोन टिप्स दिल्या. सासरे हल्ली आमच्याकडेच असतात. रोज दारात उभं राहून शाबास म्हणतात. फार अपराधी वाटलं. चहा घशाखाली उतरेना. बन आधीच उतरले होते.

१२ डिसेंबर
घात झाला! मी दुकानात गेलो की सासरे गुपचूप अनवाणी पळतात. बेकरीवाल्याने सांगितलं. वर म्हणाला, ते पळतात तरी. अहो, त्यांना डायबिटीस! पायाला काही टोचलं तरी कळत नाही. डॉक्टरांनी घरातसुद्धा चप्पल घालायला सांगितलीय. आज संध्याकाळी सगळं कबूल करणार. फायनल.

संध्याकाळी ७
बायको खुशीत होती. मूड कशाला घालवा? उद्या.

१३ डिसेंबर
उद्या सुट्टी. निवांत सांगता येईल.

१४ डिसेंबर
पाहुणे.

१५ डिसेंबर
सासऱ्यांना आडून सुचवलं, अनवाणी पळणं सगळ्यांना मानवत नाही. म्हणाले, तुम्हाला मानवतं ना, मग झालं. माझा तुमच्यावर विश्वास आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१९ डिसेंबर
सासऱ्यांच्या टाचेत काच. दोन दिवस त्यांना पत्ताच नाही. बायकोला मोज्यावर डाग दिसला. जखम चिघळलीय. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाय गमावला असता.
सासरे उलट डॉक्टरांनाच सांगायला लागले, आमचे जावई रोज पळतात, त्यांना कुठे काय होतं? डॉक्टर मला म्हणाले, बघू तुमचे तळवे. मोजे काढावे लागले. गुलाबी, मऊ. बायको बघतच राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.
सासऱ्यांनीही पाहिलं. मग सावकाश म्हणाले, रोज तेल चोळतात ते.
माझ्यासाठी खोटं बोलले! ज्यांचा पाय माझ्यामुळे जाता जाता वाचला, ते! मला रडू फुटलं. सर्दी झालीय म्हणालो.

२० डिसेंबर
सहा आठवडे झोपून राहायचंय. सासऱ्यांनी पलंग खिडकीशी लावून घेतला. तिथून रस्ता पार टोकापर्यंत दिसतो. म्हणाले, जावईबापू, उद्यापासून मी इथून बघत जाईन.
आता मात्र सगळं सांगायचंच, म्हणून तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, बोलू नका, दम राखून ठेवा. सकाळी लागेल.