शोभाताईंनी दिलेला शेवटचा खो

शोभाताई,
सप्रेम जय भीम.

उद्या सकाळी तुमचे भाऊ, दादा, आपल्या केळीच्या पॅकहाऊसवर येणार आहेत. तुमचं तेरावं झाल्यावर ते इथे शेडमध्ये सर्वांसमोर म्हणाले होते, "मला शेतीतून सवड नाही. कोणी सांभाळणार असेल तर सांगा, नाहीतर कुलूप लावू." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या रोजच्या वजनकाट्याकडे पाहत राहिलो. त्याबद्दलच बोलायचं आहे. समोर मला कधी जमलं नाही, म्हणून लिहितो.

बी.एड. होऊन आठ वर्षं घरी बसलेला मी तुमच्याकडे काम मागायला आलो, तो दिवस आठवतो का? तुम्ही कागद बघितलेच नाहीत. "आजून काय येतंय?" एवढंच विचारलंत. मी म्हणालो, काही नाही.

"असं कोणी नसतंय मास्तर. कोणी बघितलं नसंल."

मुखेडची खो-खो खेळणारी मुलगी तुम्ही. गुडघा गेला, तरी खेळाडू म्हणून सरकारी नोकरी मिळत होती. ती सोडून अर्धापुरात केळी भरायची शेड टाकलीत. "पळता पळता पोरगी केळावर घसरली," असं लोक म्हणायचे. आणि तो टोमणा आम्हाला सांगताना सगळ्यात मोठ्यानं तुम्हीच हसायचात!

शनिवारच्या चहाला आम्ही सगळे पाठ सांभाळून बसायचो. तुम्ही मागून कधी याल नेम नसे. पाठीवर हात पडला, "खो!" ऐकू आलं, की सोमवारपासून त्याचं काम बदललं. रुक्मिणबाई केळीच्या घडाच्या फण्या कापायची. तिला पाण्याची मोटार दुरुस्त करता येते हे तिच्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. देगलूरचा सलीम टेम्पो चालवायचा. आज हैदराबादचे व्यापारी फोनवर त्यालाच मागतात, कारण तो त्यांच्याशी तेलुगूत भांडतो.

"ताई, ही कंपनी हाय का टीम?" तो वैतागून विचारायचा.

"टीम हाय. कंपनीत माणूस एकाच खुर्चीत म्हातारा होतो."

मलाही एकदा खो दिलात, शेतकऱ्यांशी बोलणी करायला. अर्ध्या तासात मी परत आलो. मला काट्यावरच राहू द्या, म्हणालो. तुम्ही फक्त मान हलवलीत. ताई, तेव्हा रागावला का नाहीत? दुसऱ्या कोणाला सोडलं असतं का तुम्ही? तुमची ही एक गोष्ट मला पटली नाही.

आणि आता नांदेडच्या दवाखान्यातली ती दुपार. तुम्हाला उठून बसायचं होतं. आधाराला मी वाकलो, तुमचा हात माझ्या पाठीवर आला. किती हलका झाला होता! तुम्ही कानाशी म्हणालात, "खो."

मी हसलो. म्हणालो, "आधी बऱ्या व्हा ताई, मग खेळू."

मला ती थट्टा वाटली हो! तुम्ही नाही हसलात. माझ्याकडे बघत राहिलात. मी उशी सारखी केली आणि बसची वेळ झाली म्हणून निघालो.

"पाठीवर हात पडला की उठायचं, इचार पळताना करायचा," हे तुम्ही शंभरदा सांगितलंत. मी मात्र खो मिळूनही बसून राहिलो. दादांसमोरही बसूनच राहिलो.

काल रुक्मिणबाईला दवाखान्यातलं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मास्तर, मग बसून काय राहिलात? आमाला वाटलं, खो कोणालाच नाही मिळाला."

उद्या दादा येतील तेव्हा मी काट्यापाशी नसेन, फाटकाशी उभा असेन. सांभाळतो, असं स्वतःच्या तोंडानं सांगेन. आवाज कापला तरी सांगेन. शनिवारचा चहा चालू राहील, आणि कोणी परत येऊन "मला येत नाही" म्हणालं, तर त्याला मी मान हलवून सोडणार नाही. हा माझा शब्द.

खो देणाऱ्यानं उठलेल्याच्या जागी बसायचं असतं, हेही तुम्हीच शिकवलंत. काट्याजवळचं माझं स्टूल रिकामं केलं आहे. फार पळालात ताई. आता बसा.

तुमचा,
मिलिंद मास्तर