दादांचा डावा पाय आणि शाहूपुरीतील घर

मी, डॉ. कालिंदी आकाराम सरनोबत, वय ७२, अविवाहित, जीवरसायनशास्त्राची निवृत्त प्राध्यापक, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. वैद्यकीय दाखला जोडला आहे. डाव्या पायाचा अंगठा शाबूत नाही, म्हणून प्रथम वस्तुस्थिती, क्रमाने.

(१) १९६९ साली धाकटा भाऊ अमरसिंह विषमज्वरातून वाचला, तेव्हा आमच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, जोतिबाला शब्द देऊन मटण आणि दारू कायमची सोडली.

(२) १९७६ साली त्यांचा अंगठा सुजला. जयसिंगपूरच्या डॉक्टरांनी गाऊट, म्हणजे रक्तातील यूरिक अ‍ॅसिड वाढून होणारा संधिवात, ठरवून मटण-दारू बंद करण्यास सांगितले. "सात वर्षं झाली की सोडून," हे दादांचे उत्तर कोणीही मानले नाही.

(३) आईने नवस मोडला असे ठरवले. "देवाला फसवलासा. आता त्याच पायानं डोंगर चढा." दादा अनवाणी चढले, न केलेल्या पापाची कबुली देऊन आले.

(४) मी त्याच वर्षी एम.एस्सी. झाले होते. मी म्हणाले, "दादा, शास्त्र खोटं बोलत नाही. तुम्ही बोलता." ते म्हणाले, "बाळ, तुझं शास्त्र अजून कच्चं असंल." ते कच्चेच होते.

(५) २०२२ साली माझा अंगठा सुजला. मी पन्नास वर्षे शाकाहारी आहे. जनुकीय चाचणीत आढळले की मूत्रपिंडातून यूरिक अ‍ॅसिड रक्तात परत ओढणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात, माझ्या दोन्ही प्रतींत, जोखीम वाढवणारा फरक आहे. एक प्रत दादांची. दुसरी आईची. ज्या दुखण्याला ती पाप म्हणाली, ते माझ्या पायात उतरले त्यात तिचाही वाटा होता.

आता विल्हेवाट.

प्रयोगशाळेतील माझा तराजू अमरसिंहास. त्याने आयुष्यात एकही विधान तोलून केलेले नाही. आता सुरुवात करावी.

पुस्तके आणि बचत मी शिकवले त्या महाविद्यालयास. पुस्तकांत पेनने खुणा करणाऱ्यास ती देऊ नयेत.

दादांची कोल्हापुरी चपलांची जोडी, जिच्या डाव्या पायाची अंगठ्याची पट्टी त्यांनी विळीने कापली होती, अमरसिंहाचा मुलगा ऋतुराज यास. गेल्या दिवाळीत तो लंगडत आला. "चप्पल चावली, आत्या." त्याच्या डाव्या चपलेचीही तीच पट्टी कापलेली होती. वय एकोणतीस. मी रक्त तपासण्यास सांगितले, तर अमरसिंह फोनवर ओरडला, "आक्का, तुझी पुस्तकं तुझ्याजवळ ठेव! सोयरीक जमत आलीया, रोग हाय म्हणून बोंबलू नको. पोरगं पार्ट्या करतंय, दुसरं काय न्हाय." ऋतुराज मागून म्हणत होता, "मी अंडंबी खात न्हाय की!" त्याचे कोणी ऐकले नाही. शिवाय उष्णता उतरावी म्हणून त्याला रोज तांब्याभर उसाचा रस पाजतात. तो रस यूरिक अ‍ॅसिड वाढवतो, हे मी त्या घरात सहा वेळा सांगितले आहे. जनुकातील फरक ही शिक्षा नव्हे, शक्यता आहे; गाऊटवर औषध आहे, दुर्लक्ष केल्यास मूत्रपिंड जाऊ शकते.

शाहूपुरीतील घर ऋतुराजला. पहिल्या मसुद्यात अट होती: आधी रक्ताचा अहवाल, मग घर. ती मी खोडली आहे. अडवून कबुली घेणे या कुटुंबात एकदा झाले, आणि घेणाऱ्यांत मी होते. घर विनाअट आहे.

पूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द.

साक्षीदार, ज्यांच्या समक्ष मी सही केली व ज्यांनी माझ्या समक्ष केली:
१. डॉ. उन्मेष टोपकर
२. क्रांती पिराजी सुतार

सही: कालिंदी आकाराम सरनोबत
कोल्हापूर, १७ नोव्हेंबर २०२५

प्रत आजच स्पीड पोस्टाने: ऋतुराज अमरसिंह सरनोबत, मु. पो. जयसिंगपूर.

ऋतुराज, तू मटण खात नाहीस, यावर माझा विश्वास आहे. दादांना हे वाक्य कोणी म्हटले नाही. रक्तातील यूरिक अ‍ॅसिड आणि क्रिएटिनिन हे दोन आकडे, तारखेसह, पंधरा दिवसांच्या आत कळव. वडिलांचा फोन किंवा "बरं हाय" असा निरोप चालणार नाही. उत्तर लेखी हवे, तुझ्या हस्ताक्षरात.