दुपारी बाराला उजाडणारा दिवस

३ ऑक्टोबर २०२५
टॅरंट खोटारडा निघाला! इतके महिने या माणसासाठी डोळे फोडले, आणि हा असा!

हे जाऊन आता तीन वर्षं होतील. ब्रिटिश आरमारातल्या लेफ्टनंट एडमंड टॅरंटची लॉगबुकं, म्हणजे जहाजावरच्या रोजच्या नोंदी, टाइप करून संग्रहालयाला द्यायची, हे निवृत्तीनंतर यांनी हौसेनं अंगावर घेतलेलं काम. अर्धं राहिलं, ते मी ओढतेय. शिडाच्या जहाजांतलं मला ओ की ठो कळत नाही. पण जन्मभर भूलतज्ज्ञ नवऱ्याचं अक्षर वाचलंय, त्यापुढे टॅरंटचं मोत्यासारखं!

तर १७९७. कॅप्टन तापानं गेला. टॅरंटनं त्याच्या बायकोला लिहिलं — ‘दहा तारखेला दुपारी चारला गेले. त्यांचा हात माझ्या हातात होता.’ आणि त्याचंच लॉग काय म्हणतं? कॅप्टन अकराला दुपारी चारला गेले. दहाच्या दुपारी हे महाशय किनाऱ्यावर पाण्याची पिंपं भरत होते! पत्राच्या कडेला बाईच्या भावानं खरडलंय — ‘धादांत खोटं.’ बरोबरच आहे त्याचं.

५ ऑक्टोबर
तो भाऊ वजनदार होता. परीक्षा देऊन लेफ्टनंट होता येई. पुढे कॅप्टन व्हायला वशिला लागे. टॅरंटची ती वाट या भावानं कायमची बंद केली. सत्तावीस वर्षं लेफ्टनंट! मागून आलेली पोरं पुढे गेली. निम्मी वर्षं तर जहाजच नाही, किनाऱ्यावर बसून नेमणुकीच्या पत्राची वाट बघायची.

हे म्हणायचे, “सुमन, या माणसावर अन्याय झालाय बघ.” झाला नाही हो. केल्याचं फळ मिळालं. प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलं — ‘विश्वास ठेवण्याजोगा माणूस नव्हे.’ संग्रहालयातल्या नीनाला पाठवूनही दिलं.

९ ऑक्टोबर
गुरुजी झूमवर. दर्भ आहेत. तीळ संपलेत — आणायचे.

११ ऑक्टोबर
आश्विन वद्य पंचमी. यांची तिथी. सगळं यथासांग झालं. खीर छान झाली होती, पण खायला मी एकटी.

गंधारचा फोन नाही. यंदाही नाही! मँचेस्टर काय चंद्रावर आहे?

पहिल्या वर्षी अधिक महिन्यामुळे तिथी नोव्हेंबरात गेली. यानं सुट्टी घेतली होती चौदा ऑक्टोबरची. म्हणे, “आई, बाबा चौदाला गेला ना? मग नोव्हेंबर का? रोटा आता चेंज नाही होत.” बापाच्या तिथीपेक्षा हॉस्पिटलच्या ड्यूट्यांचा रोटा मोठा! बोलले मी त्याला, जे तोंडाला येईल ते. तेव्हापासून दिवाळीला, वाढदिवसाला तेवढा मेसेज. मुलगा आहे मला, पण असून नसल्यासारखा. वाईट वाटतं. फार वाटतं.

१२ ऑक्टोबर
नीनाचा फोन. इथेच, इंग्लंडात जन्मलेली, पण माझ्याशी हट्टानं मराठी बोलते. “सुमनमावशी, प्रस्तावना मी थांबवलाय. शिपवर तेव्हा डे नूनला स्टार्ट व्हायचा. मिडनाइटला नाही.”

म्हणजे दुपारी बाराला तारीख बदलायची! दुपार आधी, मग रात्र, मग सकाळ. लॉगमधली अकराची दुपार म्हणजे जमिनीवरच्या लोकांची दहाचीच दुपार. पिंपं भरली ती आदल्या दिवशी. पत्र खरं होतं. हात हातात होता.

बाईच्या भावाला एक वेळ माफ. त्यानं समुद्र पाहिला नसेल. पण मी? माझ्या घरात दिवस सूर्योदयाला सुरू होतो. काल सकाळीच पंचमी धरून पिंड ठेवले मी! एकच दिवस दोन तऱ्हांनी मोजतात, हे मला कोणी सांगायला हवं होतं का? इतकी लाज वाटली की चहा गार झाला तरी कळलं नाही.

१३ ऑक्टोबर
‘विश्वास ठेवण्याजोगा नव्हे’ खोडलं. सगळं नव्यानं लिहिलं.

गंधारला फोन लावला. वाजायच्या आत बंद केला.

१४ ऑक्टोबर
आज घरात बसवेना. जवळच्या विलेन लेकवर गेले, तळ्याकाठी हे आणि मी बसायचो त्या बाकाकडे. चौदाला मी तिथे कधीच गेले नव्हते. माझ्या लेखी ती नुसती तारीख.

बाकावर गंधार. केस पिकायला लागलेत त्याचे. शेजारी थर्मास, दोन कप. दोन्ही भरलेले.

“कधी आलास?”
“सकाळी. एव्हरी इयर येतो, आई.”
“इथवर येतोस, आणि घर दहा मिनिटांवर —”
“तूच म्हणाला होता ना. तिथीला येत नसशील तर येऊच नको.”

तिसरा कप नव्हता. त्यानं बाबांसाठी भरलेला माझ्या हातात दिला.